पळीवरचा पडदा

मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करायचा हंगाम जेमतेम चार आठवड्यांचा, आणि त्या वर्षी अर्विनकाकांच्या शेडसमोर गिऱ्हाइकांच्या गाड्या थांबेनात. वरच्या वळणावर डेल्फीनने नवं यंत्र आणलं होतं. उकळण्याआधीच ते रसातलं बरंचसं पाणी काढून टाकी. तिला सरपण कमी लागे, म्हणून तिचा पाक बरणीमागे चार डॉलरने स्वस्त. हीच डेल्फीन लहानपणी शाळा सुटली की काकांच्या कढईपाशी येऊन बसायची.

काकांनी पाटी पुसून भाव चार डॉलरने उतरवला. ती खोट भरून काढायला पाक पुरता आटण्याआधीच उतरवू लागले. लाकूड वाचे, बरण्या वाढत. चाळीस वर्षांत त्यांनी असं केलं नव्हतं.

शनिवारी सकाळी डेल्फीन त्यांचीच एक बरणी घेऊन दारात उभी.

"काय गं, माल तपासायला आलीस?"

"विकत घेतलाय, काका." तिने खिळ्यावरची रुंद पळी काढली, कढईत बुडवली आणि खिडकीपाशी धरली. काठावरून टपटप थेंब पडले. "पाक झाला की पडद्यासारखा लोंबतो. मला कुणी शिकवलं हे?"

काकांनी जाळात एक लाकूड सारलं.

"उन्हाळ्यात आंबेल हा." तिने बरणी पुढे केली.

"आंबू दे. तुझं गिऱ्हाईक वाढेल."

"मला तसं वाढवायचं नाही." ती स्टुलावर बसली. "स्वस्त देणं मला यंत्रामुळे परवडतं. पण तासन्‌तास जाळावर आटवलेली ती खरपूस चव माझ्या पाकाला येत नाही. दोन वर्षं झगडतेय मी त्यासाठी. आणि तुम्ही ती सोडून माझ्या भावामागे धावताय."

काका उठून भरलेल्या बरण्या एकेक करून परत कढईत ओतू लागले. "विकल्या त्या नऊ बदलून देईन," ते पुटपुटले. डेल्फीन लाकडं सारत राहिली.

दुपारी त्यांनी पळी खिडकीपाशी धरली. काठावर सोनेरी पडदा लोंबला.

"जमला?" त्यांनी विचारलं. पूर्वी हे ती विचारायची.

"जमला, काका."

बरण्या सहा कमी भरल्या. पाटीवर जुना भाव परत आला, आणि खाली ओळ: लाकडाच्या जाळावर, सावकाश.

रविवारी एक गाडी थांबली. "वरच्या बाईंनी पाठवलं," गाडीतला माणूस म्हणाला. "खरपूस हवा तर इथलाच घ्या म्हणाल्या."