सकाळी सात वाजता बोलणारी मोरी

पर्वत पाटिया या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीमागच्या एका गल्लीत, तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर, सकाळी पावणेसातला तीस-चाळीस माणसं एका मोरीसमोर हात जोडून उभी होती. होय, मोरीसमोर. जिथे आपण आंघोळ करतो, भांडी घासतो, ती मोरी. आत घोटाभर काळं पाणी साचलेलं, त्यावर तेलाचा तवंग, कडेला हळदकुंकू आणि एक पणती. वास असा की मी पदर नाकाला लावला. शेजारच्या बाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते.

पाटावर लोटू भगत बसला होता. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर शेंदूर, मनगटावर भलं मोठं घड्याळ. सातला पाच कमी असताना त्याने ते घड्याळ बघितलं आणि हात वर केला.

"सब चूप. आता तो येणार. बोल रे, कौन है तू? आ घरमां शुं काम आव्यो? तुझी जागा हीच का?"

भूत कुठल्या प्रांताचं असेल याची खात्री नसावी, म्हणून गडी हिंदी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत विचारत होता.

मोरीच्या जाळीतून आवाज आला. गुडूक. मग गुड गुड गुड. पाणी फुगलं, मोठा बुडबुडा फुटला, पणतीची ज्योत आडवी झाली. सगळ्यांनी एकदम हात कपाळाला लावले.

"हो म्हणतोय," भगत म्हणाला. "काय पाहिजे तुला? पोटातलं मूल पाहिजे?"

गुड गुड गुड.

पाठीमागच्या खाटेवर रंजना पडली होती. रंजना माझी विद्यार्थिनी, ती आजारी आहे असं कळलं म्हणून मी आले होते. महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीपासून सातवीपर्यंत माझ्याच वर्गात होती, गणितात पहिली. आता सातवा महिना चालू होता. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ सुकलेले. पंधरा दिवसांपूर्वी बाजारात भेटली तेव्हा चांगली टवटवीत होती. मोरी तुंबलीय, घरात घाण पाणी येतं, असं तेव्हाच म्हणाली होती. "साफ करून घे गं," असं म्हणून मी भाजी घेऊन पुढे गेले होते.

"हिला दवाखान्यात कधी नेलं?" मी तिच्या नवऱ्याला, ललितला विचारलं. ललित लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. रातपाळी करून नुकताच आला होता.

उत्तर त्याच्या आईने, मंगलाबाईंनी दिलं. "बाई, हाई दवाखानानं काम नही. भगतनी सांगेल शे, एकवीस दिवस सुई टोचानी नही. आनि मोरीले सळई लावानी नही. सळई लावी ते पोरगं लई जाई तो." म्हणजे सळई घालून मोरी मोकळी केली, तर भूत मूल घेऊन जाईल.

"आणि अंग पिवळं पडलंय ते?"

"त्यानीच हळद शे ती," भगत पाटावरून म्हणाला. "नवरदेवाची हळद. तो हिला नवरी समजतो."

मला इतका संताप आला की काही सुचेना. सात महिन्यांची गरोदर पोर काविळीने झिजतेय आणि हा माणूस तिला भुताची हळद लावतोय. मी ललितचा दंड धरला, म्हटलं आत्ताच्या आत्ता रिक्षा आण. चार जणांनी मला दाराबाहेर काढलं. "शिकेल बाईंना काय कळस यातलं," असं कुणीतरी म्हणालं.

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय. पण दारात उभं राहून म्हणी आठवून रंजना बरी होणार नव्हती. मी जिना चढून वर गेले.

तिसऱ्या मजल्यावर शोभा राहते. घरबसल्या साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करते. या इमारतीतल्या बहुतेक बायका करतात. तिच्या दाराशी साड्यांचे गठ्ठे होते आणि जमिनीवर धाग्यांचा गुंताच गुंता. बोलता बोलता तिने झाडू मारला, मुठीएवढा धाग्यांचा गोळा मोरीत सारला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. जाळी कधीच काढून ठेवलेली होती.

"हे रोज इथेच टाकता?"

"कुठं टाकणार बाई? पाण्याबरोबर जातं निघून."

"कुठे जातं?"

तिने खांदे उडवले. खरंच, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला कुठे कळतं? त्याचं पाणी खाली उतरलं की त्याच्या दृष्टीने संपलं. ते तुंबतं तळमजल्यावर, आणि तळमजल्यावर तुंबलं की वरचे म्हणतात, मोरी तुमची, तुम्ही बघा. महिनाभर या इमारतीत त्यावरून भांडण चाललं होतं. कुणी गल्लीतल्या गटाराच्या चेंबरचं झाकण उचललं नाही. मग भगत आला, आणि सगळ्यांचीच जबाबदारी संपली.

मी विचारलं, "सकाळी सातला इथे काय असतं गं?"

"लढाई असते. रातपाळीवाले घरी येतात, दिवसपाळीवाले निघतात. वरच्या नऊ खोल्यांत एकदम आंघोळी. सातला सगळ्यांच्या बादल्या पालथ्या."

मी लगेच विचारलं, "आणि भगत दुपारी कधी बसला होता?"

"दुपारी नाही. पण सुट्टीच्या दिवशी आला होता एकदा. त्या दिवशी कारखाना बंद, सगळे दहापर्यंत झोपलेले. तासभर बसला, मोरी काही बोललीच नाही. म्हणाला, आज त्याचा उपास आहे."

"लोटू भगत आधी काय करायचा, माहीत आहे?"

"लूमवरच होता की. बारा वर्षं." हे बोलताना शोभाचा झाडू थांबला. सातला पाळी बदलते आणि बादल्या पालथ्या होतात, हे त्याला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी मी माणसं जमायच्या आत, साडेसहालाच जाऊन मोरीपाशी उभी राहिले. शोभाने गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला होता आणि दोन भरलेल्या बादल्या घेऊन ती तिच्या मोरीत उभी होती. दोघींचे फोन एकमेकींना जोडलेले. वरून आरडाओरडा ऐकू येत होता, कुणाच्या तरी अंगाला साबण तसाच राहिला होता.

सातला पाच कमी. भगताने घड्याळ बघितलं. "बोल रे, कौन है तू?"

मोरी गप्प.

"ए, बोल ने! कोण तू?"

पाणी हलेना. पणती सरळ जळत होती. सात वाजले, सात-दहा झाले. भगताच्या कपाळावरचा शेंदूर घामाने नाकावर उतरला. "कुणीतरी विटाळ केलाय," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "रागावलाय तो."

"माझ्यावर नाही रागावणार," मी म्हटलं. "मी विचारून बघते." आणि मोरीकडे वळून मोठ्याने विचारलं, "काय रे, हा लोटू भगत खोटं बोलतो का?"

वर शोभाने पहिली बादली पालथी केली. गुडूक. गुड गुड गुड.

मी पुन्हा विचारलं, "रंजनाला दवाखान्यात न्यायचं का?"

दुसरी बादली. मोरी इतकी खळखळून बोलली की घाण पाणी भगताच्या पाटापर्यंत आलं आणि तो धोतर सावरत उठला.

मग मी ललितला वर पाठवलं. म्हटलं, तू स्वतः बादली ओत, तुझ्या आईला खाली ऐकू दे. त्याने ओतली. मंगलाबाईंनी ऐकलं. "रिकामी बाटली पाण्यात धरली की बुडबुड करते ना, तसंच आहे हे," मी सांगितलं. "नळी खाली तुंबलीय. वरून पाणी आलं की आतल्या हवेला दुसरी वाट नाही, ती तुमच्या जाळीतून बाहेर पडते. हेच तुमचं भूत."

भगत तोवर दारापर्यंत पोचला होता. "बाईवर उलटेल हे," एवढं म्हणून तो चपला न घालताच गेला.

ललितने रिक्षा आणली. रंजनाला आम्ही दोघांनी उचललं. तिचं अंग मुलांच्या दप्तराएवढं हलकं लागलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची पापणी ओढून बघितली. "किती दिवस झाले?"

"अकरा," ललित म्हणाला.

"अकरा दिवस काय करत होता तुम्ही? ही घाणेरड्या पाण्यातून येणारी कावीळ आहे. गरोदर बाईचा जीव घेते ती."

त्याच दुपारी गल्लीत नळाची कामं करणाऱ्या महेशने चेंबरचं झाकण उघडलं. सगळी इमारत बघायला होती. वर लाल कापडात बांधलेला नारळ तरंगत होता. जागा बांधतो म्हणून लोटू भगतानेच तो पहिल्या दिवशी झाकण जरासं सरकवून आत सोडला होता. त्याखाली धाग्यांचा दोर, वेणीसारखा पिळलेला, मांडीएवढा जाड. लाल, हिरवा, जरीचा. प्रत्येकीने आपला रंग ओळखला असेल. महेशने आणखी एक गोष्ट दाखवली. पिण्याच्या पाण्याची गंजलेली नळी त्याच चेंबरला खेटून जात होती, आणि तुंबलेलं पाणी तिच्या जोडावर चढलं होतं. "नळ गेला की ही नळी बाहेरचं पाणी आत ओढते," तो म्हणाला. "मग नळ आला की तेच तुमच्या हंड्यात."



रंजना वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती.

तीन आठवड्यांनी मी त्या घरी गेले तेव्हा मोरी कोरडी होती, स्वच्छ धुतलेली. भिंतीला टेकून चार बायका बसल्या होत्या, आणि मंगलाबाई त्यांना सांगत होत्या, "भगतनी सांगेलच व्हतं ना. सळई लावी ते पोरगं लई जाई. लई गया."

चौघींनी माना डोलावल्या. मी तोंड उघडणार होते. एवढं डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकून, चेंबरमधून नारळ बाहेर निघाल्यावरही हे?

पण बोलली रंजना. खाटेवर उठून बसली, सासूकडे सरळ बघितलं. आवाज चढला नाही.

"कोनी नही लई गया, आत्या. मोरी तुंबेल व्हती. आपन ती साफ करी नही. आनि माले अकरा दिन दवाखानामा लई गयात नही. मनी पोरले भूतनी नही, आपन मारं."

चौघी बायका एकेक करून उठून गेल्या. मंगलाबाई तिथेच बसून राहिल्या. नंतर त्यांनी तोंडाला पदर लावला. मला त्यांची दया आली, पण राग त्याहून जास्त होता. तो अजून आहे, आणि त्यात बाजारातून भाजी घेऊन पुढे निघून गेलेली मीही आहे.

म्हणून जे वाचत असतील त्यांना हात जोडून नाही, ठणकावून सांगते. मोरीतून आवाज आला, घाण पाणी उलटं वर आलं, तर ती कुणाची मोरी यावर भांडू नका. त्याच दिवशी चेंबरचं झाकण उचला, पाणी उकळून प्या. घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले तर त्याच तासाला दवाखाना गाठा. आणि मधे कुणी येऊन हात लावू नका म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा, का? जो उत्तर देणार नाही, त्याला घराच्या उंबऱ्याच्या आत घेऊ नका.