गिल्टी

तव्यावर शेकलेलं एरंडाचं पान पदरात धरून पुष्पाबाई पोराच्या खोलीत शिरल्या आणि सरळ म्हणाल्या,

“शर्ट काढ. काखेत हाये का जांघेत?”

हर्षल पाहतच राहिला. “काय?”

“गिल्टी! फोनवर दोस्ताले सांगून राह्यला व्हता ना, चार दिवसांपासून गिल्टी हाये म्हनून? आईले दाखवाले लाज वाटते काय?”

चार दिवस तोंड पाडून बसलेला पोरगा खदखदून हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, तेव्हा मात्र पुष्पाबाईंनी पान बाजूला ठेवलं.

“ते गाठीवालं नाही, आई. इंग्रजी शब्द हाये. आपल्या हातून वाईट झालं, का मनाले लागून राह्यते. त्याले गिल्टी वाटनं म्हनतात.”

“तुह्या हातून काय झालं?”

मग त्याने सांगितलं. तो शिकवायचा त्या शाळेतला प्रोजेक्टर चोरीला गेला, त्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लावायचं तोच विसरला होता. हेडसरांनी विचारलं तेव्हा घाबरून म्हणाला, किल्ली शिपायाकडे होती. शिपाई म्हणजे गोविंदा, दोन गल्ल्या सोडून राहणारा. त्याला लगेच घरी बसवलं. उद्या संस्थेचे लोक येणार आणि काय तो फैसला करणार.

“खरं सांगितलं तर मले काढतीन. अजून पक्का नाही मी. पन लय गिल्टी वाटते, आई.”

ओसरीवर हर्षलचे वडील वामनराव दाढी करत होते. कोर्टात तीस वर्षं पट्टेवाला म्हणून उभा राहिलेला माणूस. पोराचं बोलणं ऐकून अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून दारात आले.

“कोर्टात कोनी गिल्टी वाटते म्हने नाही बे. साहेब इचारे, गुन्हा कबूल हाये का? हाये म्हन, नाही तर नाही म्हन. वाटते म्हनाची सोयच नव्हती तिथं.”

हर्षलने मान खाली घातली. पुष्पाबाईंना पोराची कीव आली, खरंच आली, बी.एड. होऊन सहा वर्षं वणवण केल्यावर मिळालेली नोकरी होती ती. पण काल नळावर गोविंदाच्या बायकोला आपण काय सुनावलं, तेही त्यांना आठवलं. ‘तुह्या नवऱ्यानं जरा ध्यान द्याचं ना,’ असं चारचौघींत म्हणाल्या होत्या. ती बिचारी हंडा उचलून गेली. आठवलं तशी पुष्पाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चप्पल घाल,” त्या म्हणाल्या.

“आत्ता? उद्या सकाळी पाहू ना.”

“आत्ताच. मी येते संग.”

गोविंदा अंगणात खाटेवर बसला होता. हर्षलला पाहून धडपडत उठला.

“या सर, बरं झालं आले! मीच येनार व्हतो तुमच्याकडं.” घरात जाऊन त्याने एक कागद आणला. “उद्या द्याचा हाये. शुद्धलेखन तेवढं पाहून द्या.”

हर्षलने कागद वाचला आणि आईच्या हातात दिला. किल्ली माझ्याकडे होती, कुलूप लावायचं माझ्याकडून राहिलं, मला माझा गुन्हा कबूल आहे. खाली गोविंदाची सही.

“काऊन रे लिहिलं असं?” पुष्पाबाईंनी कसंबसं विचारलं.

“माही नोकरी पक्की हाये, काकू. मले दोन-चार महिने घरी बसवतीन, मंग घेतीन. सरले तर कायमचंच काढतीन.”

म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं. पुष्पाबाईंना त्याच्याकडे बघवेना.

हर्षलने आईच्या हातातून कागद घेतला, खाटेवर टेकवला आणि खिशातलं पेन काढलं. गोविंदाची सही खोडून तिथे त्याने आपली सही केली. सही नीट वाचता येत होती.

गोविंदाने कागद उचलून सही पाहिली. मग हळूच म्हणाला,

“आन् सर, बाकीच्या चुका?”

“बाकी सगळं बरोबर हाये,” हर्षल म्हणाला.