वक्त्याची माफी

रविवारची प्रार्थना आटोपून पेनितोआचं घर जेवायला बसलं होतं. तापल्या दगडांवर भाजलेल्या अळकुड्या होत्या, अळूच्या पानांत शिजवलेलं नारळाचं दूध होतं. पहिलं ताट धाकट्या बहिणीचं, मातालेनाचं. सामोआत भाऊ बहिणीला देवासारखा मान देतो. पण आमच्या गावात तीच बहीण गावसभेच्या छपराखाली पाऊल टाकू शकत नाही, मग बोलणं दूरच. ताटात मान वाढायचा आणि तोंडाला कुलूप घालायचं, अशी आमची रीत!

पेनितोआ मात्र सभेतला वक्ता. बापामागे त्याची वक्तेपदाची पदवी मिळाली, तिच्याबरोबर बोलायचा हक्कही आयता मिळाला.

मातालेना दवाखान्यात नर्स होती. गुरुवारी तिनं रेडिओवर फोन करून सांगितलं होतं, "नवी टाकी मानकऱ्यांच्या घरांमागे बांधली. वरच्या वाडीतली पोरं अजून ओढ्याचं पाणी पिऊन जुलाबानं खंगताहेत. टाकीची जागा ठरवली, तेव्हा पाणी भरणारी एकही बाई सभेत नव्हती."

जेवण अर्ध्यावर असतानाच थोरले मानकरी तुआगालू यांचा निरोप्या आला. रेडिओवर गावाची नाचक्की केली म्हणून उद्या मातालेनानं अपराध्यासारखं चटई पांघरून सभेसमोर बसायचं आणि भावानं तिच्या वतीनं माफी मागायची. नाहीतर शनिवारपर्यंत सगळ्या घरानं गाव सोडायचं.

"ऐक गं बाई भावाचं," म्हातारी आई लुपे रडकुंडीला आली. "तुझ्या बापाचं थडगं अंगणात आहे. त्याला टाकून कुठं जाऊ मी?"

"बसेन मी, आई. पण दादा, मी खोटं बोलले असं म्हणू नकोस."

"माफीत खरंखोटं कोण उकरतं? माझ्यावर सोड," पेनितोआ म्हणाला. जिभेवर त्याचा फार विश्वास होता.

सोमवारी ऊन मी म्हणत होतं. गवतावर चटईखाली मातालेना मान खाली घालून बसली होती. सभाघराला भिंती नसतात, त्यामुळे पेनितोआला ती सारखी दिसत होती. त्यानं पूर्वजांची नावं घेतली, गावाचे गोडवे गायले. मानकरी माना डोलावू लागले.

"पुरे झालं," तुआगालू मऊ आवाजात म्हणाले. "पोर खोटं बोलली, एवढं म्हण. मग टाकी जागच्या जागी, तूही जागच्या जागी."

पेनितोआनं उन्हातल्या चटईकडे पाहिलं. टाकीची ती जागा मंजूर करून घेणारं भाषण त्याचंच होतं. वरच्या वाडीला वर्षभरात नळ देऊ, असं त्यानं छातीठोक सांगितलं होतं. आणि टाकीचा एक नळ त्याच्या स्वतःच्या परसात आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी आतून लाज वाटली.

"खोटं मी बोललो होतो," तो म्हणाला. "वाडीला नळ जाणार नाही हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं."

"शुद्धीवर आहेस ना?" तुआगालूंनी विचारलं.

पेनितोआ उठला, उन्हात गेला आणि बहिणीच्या अंगावरची चटई त्यानं काढली. "मला माफ कर, मातालेना. पाणी तू पाहत होतीस आणि तोंड मी चालवत होतो. आता तूच बोल."

"वक्त्यानं जीभ बहिणीला आंदण दिली वाटतं!" आतून कोणी खिदळलं.

मातालेना उभी राहिली. तिनं भाषण केलं नाही. दवाखान्यात निजलेल्या चार पोरांची नावं तिनं एकेक करून घेतली. त्यातलं एक पोर तुआगालूंच्या वरच्या वाडीत दिलेल्या पुतणीचं होतं. खिदळणं थांबलं.

तुआगालूंनी वर पाहिलं नाही. एवढंच म्हणाले, "शनिवारपर्यंत."

शनिवारी ट्रकमध्ये सामान चढलं. लुपे नवऱ्याच्या थडग्यावरून हात फिरवून आली. शेजारीण कळवळून म्हणाली, "लेक बोलली नि तुझं गाव गेलं गं, लुपे."

"लेक एकटी बोलली, म्हणून गेलं," म्हातारी ताडकन म्हणाली. "तुम्ही-आम्ही सगळ्या बोललो असतो, तर त्यांनी कुणाकुणाला हाकललं असतं?"

रस्त्याकडेला आम्ही पुष्कळ जण उभे होतो. ट्रक निघाला, तशी आम्ही मागे सरून वाट करून दिली.