खुंटी एकच होती

“वाजवून झालं की आधी तारा पुसायच्या, मग थोड्या सैल करायच्या. ताणात टांगून ठेवायचं नाही कुणाला.”

मित्रांनो, आत्याचे हे शब्द माझ्या लाकडात मुरले आहेत. मी एक जुनी गिटार आहे. शिवणाच्या खोलीत, खिडकीशेजारच्या खुंटीवर माझी जागा. आत्या लोकांचे कपडे शिवते. मशीनवर झाकण पडलं की हात धुऊन ती मला मांडीवर घ्यायची. तो तिचा नेमच होता. अंगात कणकण असली तरी एक गाणं व्हायचंच. वरच्या मजल्यावरची शेजारीण भाजीची पिशवी हातात धरून जिन्यातच थांबायची. पुढे आत्याची भाची, जिला सगळे चिमणी म्हणतात, तीही माझ्यावरच शिकली. तिची बोटं सोलली, पण तिने मला सोडलं नाही.

मग कामं वाढली आणि नेम सुटला. तारा ताणलेल्या तशाच राहिल्या, खिडकीतून ऊन येत राहिलं, आणि माझी घोडी मागच्या बाजूने उचलली गेली. घोडी म्हणजे माझ्या पोटावरची लाकडी पट्टी. तारांचा सगळा ओढा तीच सोसते. चिमणीने ते दाखवलं तेव्हा आत्या म्हणाली होती, “सवड झाली की चिकटवून देते.” गिऱ्हाइकाला दिलेली तारीख आत्या कधी चुकवत नाही. घरच्यांना मात्र ती तारीखच देत नाही.

आणि एक दिवस घरात खोकं आलं.

त्यात इलेक्ट्रिक गिटार होती, पण सुटी. धड वेगळं, मान वेगळी, वायरी, तारा पिळायच्या खुंट्या, पुडीभर स्क्रू. आत्या आणि चिमणी मिळून ती जोडणार होत्या. मला आधी हसू आलं. दाराच्या फळीसारखी सपाट बया, जिला पोटच नाही, ती गाणार कुठून? वायर खुपसून दुसऱ्या डब्यातून आवाज काढायचा, ह्याला काय गाणं म्हणतात?

पण हसू फार टिकलं नाही. आत्याने कापायच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, माझ्यासाठी कधी अंथरली नव्हती तशी. दोघी पॉलिश पेपरने तिचं अंग घासायच्या आणि तळहात फिरवून बघायच्या. “बघ गं, कशी लोण्यासारखी झाली,” आत्या म्हणायची. मी वरून बघत होते. माझ्या अंगावरची धूळ कुणाला दिसत नव्हती. रंगाचा पहिला हात बसला तेव्हा, खरं सांगते, त्यावर एखादी माशी बसावी असं मला वाटलं. बसली नाही.

त्यात चिमणीचे बाबा डोकावले. भिंतीला आणखी एक भोक पाडायचं नाही, घरमालक बोलतो, असं त्यांनी आधीच बजावलं. “खुंटी एकच आहे. नवी झाली की जुनी माळ्यावर टाका.” चिमणी स्क्रू मोजत राहिली. आत्या रंगाचा ब्रश धूत राहिली. माळ्यावर फाटकी छत्री आहे आणि एक पाय तुटलेली खुर्ची. तिथे गेलेलं काही परत आलेलं मी पाहिलं नाही. त्या दिवसापासून टेबलावर आवळला जाणारा एकेक स्क्रू मला टोचू लागला.

शेवटी तिची घोडी बसवायची वेळ आली. ती कुठे बसवायची ते मोजून भोकं पाडायची होती. आत्याने सवयीने गळ्यातली टेप काढली, खोक्यातल्या कागदावर दिलेलं माप मोजलं, खूण केली. तारा चढल्या. चिमणीने वाजवून पाहिलं. खालचे सूर ठीक होते, पण मानेवर बोटं वर सरकत गेली तसे सूर उतरायला लागले. पुन्हा पुन्हा तारा पिळल्या, तरी तेच. चिमणीचा चेहरा पडला.

आणि मी? मी मनातून नाचले. बरं झालं, म्हटलं. फळी ती फळीच.

आत्याने टेप हातात घेऊन लाकडी फूटपट्टीशेजारी धरली. इतक्या वर्षांच्या ओढाताणीने टेपच लांबली होती. “अंगाला थोडं सैल चालतं,” ती हळूच म्हणाली, “सुराला नाही चालत. जुनीला काढ बघू खाली.”

कितीतरी वर्षांनी मला माणसाचे हात लागले. आत्याने रिळाचा दोरा माझ्या मानेच्या टोकापासून घोडीपर्यंत धरला, मग दुमडून निम्मा केला. मानेवर बोटांसाठी धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, निम्मा दोरा बरोबर त्यांतल्या बाराव्या पट्टीपाशी आला. “हे बघ. जेवढं इकडे तेवढंच तिकडे.” मग नवीच्या मानेवर बाराव्या पट्टीपर्यंत दोरा मोजून त्याच्या दुप्पट अंतरावर नवी खूण केली. जुनी भोकं काडेपेटीच्या काड्या गोंदात बुडवून बुजवली. दुसऱ्या दिवशी ती सुरात गायली. मला वाईट वाटायला हवं होतं. पण तो सूर माझ्याच मापाचा होता, त्याला मी काय करणार?

चिमणी मला पुसत होती. तिचं नख माझ्या घोडीखाली गेलं.

“आत्या, ही अजून तशीच आहे.”

“तुला म्हटलं होतं मी, चिकटवून देते.”

“हो. तेव्हा मी चौथीत होते. आता नववीत आहे.”

आत्याने माझ्या घोडीवरून बोट फिरवलं. “आणि बाबांना सांग,” चिमणी दोरा गुंडाळत म्हणाली, “खुंटी हिची आहे. नवी मशीनपाशी उभी राहील.”

मित्रांनो, नवं आणा, हौसेने जोडा. मी आता तेवढी चिडत नाही, थोडीशी चिडते. पण ज्याच्यावर तुम्ही शिकलात त्याला रोज एकदा हात लावा. नेम लहान असला तरी चालतो, सुटला की लाकडालाही कळतं.

आज दुपारी चिमणी शाळेत आहे. आत्याने अर्धवट शिवलेला झगा बाजूला सारला, टेबलावर तीच चादर अंथरली आणि मला खुंटीवरून उतरवलं. गोंदाची बाटली उघडायच्या आधी ती माझी एकेक तार सैल करू लागली.