गुणी बाळ

मालनचा मुलगा आनंद सात महिन्यांचा झाला होता आणि गेले काही महिने तो कधीच रडत नसे. माजिवड्याच्या त्यांच्या चाळीतल्या बायका म्हणत, "नशीब काढलंस गं, केवढं गुणी बाळ!"

मालन रोज सकाळी कोलशेतच्या कारखान्यात जाई. नवरा पोपट रात्रपाळीला, म्हणून दिवसा घरी झोपलेला. मूल सांभाळायला तिची थोरली बहीण हौसाआक्का होती. आई गेली तेव्हा मालन चार वर्षांची होती. तिला कडेवर घेऊन वाढवली ती आक्कानेच. पुढे आक्काचा नवरा गेला आणि मालनने तिला साताऱ्याकडच्या गावाहून आपल्याकडे आणलं. पोर आक्काच्या हातात म्हणजे काळजीच नाही.

सत्तावन्न सालच्या मार्च महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, मालन मुलाला देवी टोचायला ठाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. टोचलं तरी पोराने नुसते ओठ वाकडे केले आणि पुन्हा डोळे मिटले.

टोचणाऱ्या सरोजबाई नर्स थबकल्या. "रडला नाही?"

"रडतच नाही बाई. लई गुणी आहे," मालन अभिमानाने म्हणाली.

सरोजबाईंनी त्याला काट्यावर ठेवलं. जेमतेम दहा पौंड. त्यांनी टाळूवर बोटं फिरवली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. सुरकुती हळूहळूच मोडली. मग घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला अठरा.

"तीसच्या आसपास हवेत," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "शी कधी झाली?"

"तीन-चार दिवस झाले."

"दूध पिताना मध्येच झोपतो?"

"व्हय."

त्यांनी खिडकीकडचा पडदा ओढला, पापणी उचलली आणि मान वर करून मालनकडे पाहिलं. "बाहुल्या बघ. अंधारातसुद्धा मोहरीएवढ्याच आहेत. त्याला बाळगोळी देता का? अफूची?"

"नाही हो बाई! देवाशपथ नाही!"

"तू नसशील देत. दिवसभर कोणाजवळ असतो?"

मालनने पोराला उचलून छातीशी धरलं.

डॉक्टरांनी मुलाला वॉर्डात ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो रडायला लागला तो थांबेचना. हातपाय झाडत, लालबुंद होऊन. मालन घाबरली. सरोजबाई म्हणाल्या, "अंगातली अफू उतरतेय, त्याचा त्रास होणारच. मी बघतेय त्याच्याकडे. रडू दे त्याला." आपल्या मुलाचा आवाज एवढा मोठा आहे हे मालनला तेव्हा कळलं.

तेवढ्यात आक्का भाकरीचं गाठोडं घेऊन आली.

"आक्का, त्याला गोळी देत होतीस?"

आक्का खाटेच्या कडेवर बसली. पदराशी चाळा करत म्हणाली, "थोडीशीच गं. मुगाएवढी. गावाकडं सगळ्याच बाया देत्यात."

"मला का नाही सांगितलंस?"

"पोपटराव म्हणाले, सांगू नका."

"ह्यांनी?"

"त्यांना दिवसा झोप लागंना पोराच्या रडण्यानं. त्यांनीच आणून दिल्या बाजारातनं. तुला कळलं तर तू नोकरी सोडशील, म्हणाले. मी त्यांच्या घरात राहते मालन. नाही कसं म्हणू?"

"आणि मी? मी कोण होते तुझी?"

मालनने भाकरीचं गाठोडं तिच्या मांडीवर परत ठेवलं.

पोपट संध्याकाळी आला. आधी म्हणाला, मला काय माहीत एवढं होईल. मग म्हणाला, आता बरा आहे ना, झालं तर. मालन त्याच्याकडे बघत राहिली. इतके महिने हा माणूस रोज विचारायचा, "पोरगं कसं आहे?" आणि ती खुशीत सांगायची, शांत झोपलंय.

आठवड्याने आनंदला घरी सोडला. सरोजबाईंनी तिला सांगितलं, "बायका पन्नासच्या वर असतील तर कारखान्यात पाळणाघर असायला हवं, तसा कायदाच आहे. चौकशी कर." मालनने चौकशी केली. होतं, मागच्या शेडमध्ये, एक आयासुद्धा होती. तिला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ती मुलाला कडेवर घेऊनच कामावर जाऊ लागली.

पोपटशी ती भांडली, त्याच्यावर ओरडली, आणि त्याचं अंथरूण बाहेर पडवीत टाकलं. त्याच्यावर रागावता येत होतं. आक्कावर तेही जमेना. मालन तिला जेवायला वाढी, लुगडं धुऊन वाळत घाली. पण आनंदने हात पसरून मावशीकडे झेप घेतली की मालन दोन पावलं मागे सरे, आणि आक्काचे पुढे झालेले हात तसेच राहत.

चैत्र संपता संपता आक्का म्हणाली, "मी गावाकडं जाते."

मालनने नको म्हणावं, म्हणून आक्का बराच वेळ उंबऱ्याशी उभी होती. मालनने तिला वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या.