मीटरबाई

"मी नाही येत. उद्या तो मीटरवाला येणारच आहे ना? त्यालाच विचारा, वाजतंय की नाही ते," असं म्हणून बायकोने आधीच कोरडं असलेलं पातेलं पुन्हा पुसायला घेतलं.

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. एक बूट पायात, दुसरा हातात. इतक्या वर्षांत ती कधी नाही म्हणाली नव्हती. उलट एखादं काम संपत आलं की तीच विचारायची, आमची तपासणी कधी म्हणून. आणि आता निवृत्तीच्या तोंडावरचं शेवटचं काम, ज्या नाट्यगृहापायी त्याने कमरेचं दुखणं अंगावर काढलं, तिथेच यायला ही तयार नव्हती.

"अगं, मीटरवाला आवाज मोजून नुसता आकडा सांगणार. कुठे वाजतंय ते कोण सांगणार?"

त्याचं बोलून होईपर्यंत ती मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही सांगा. तुम्हाला नाहीत का कान?"

"माझे कान फक्त चष्मा अडकवायला आहेत, असं तूच म्हणतेस."

ती हसली. हसली म्हणजे येणार, एवढं त्याला संसारात कळलं होतं. त्याने दुसरा बूट पायात घातला.

इमारतींच्या आतल्या सोयी करणं हा त्याचा पेशा. थंड हवा, गरम पाणी, सांडपाणी, वीज, आग लागली तर पाण्याचे फवारे. इंजिनिअर होताना त्याला वाटलं होतं, आपण पूल बांधू, धरण बांधू आणि म्हातारपणी बोट दाखवून सांगू, हे मी केलं. प्रत्यक्षात आयुष्य गेलं ते केलेलं लपवण्यात. सुरुवातीला हॉटेलं. तिथे पाहुण्याने नळ सोडला की गरम पाणी यायचं आणि पाहुणा स्वतःशी गुणगुणत आंघोळ करायचा. ज्या दिवशी यायचं नाही, त्या दिवशी पाहुण्याला इंजिनिअरची आठवण व्हायची, आणि त्याच्या आईवडिलांचीही. मग एका जुन्या राजवाड्याचं हॉटेल करायचं ठरलं. भिंतीत खिळा मारायची चोरी, पण प्रत्येक खोलीत गारवा पाहिजे आणि तो कुठून येतो ते दिसता कामा नये. त्याने ती हवा बंद पडलेल्या धुराड्यांतून आणली. तेव्हापासून जुन्या वास्तूंची कामं त्याच्याकडे आपसूक येऊ लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो हसून म्हणायचा, आणि आमची तर सदाच झाकलेली.

मुलगी लहान असताना शाळेत बाईंनी 'माझ्या बाबांचं काम' असं चित्र काढायला सांगितलं. कुणी दुकान काढलं, कुणी बस. हिने एक खोली काढली. पलंग, खिडकी, पडदा, बस्स. यात बाबांचं काम कुठे आहे, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाली, दिसलं तर ते बिघडलेलं असतं. ते चित्र अजूनही त्याच्या ऑफिसच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेलं होतं. बाहेरून लावायचं त्याला सुचलंच नाही, सवयीचा परिणाम.

बायको गाणं शिकवायची. घरातल्या बाहेरच्या खोलीत तिचा वर्ग भरायचा आणि पोरी गात असताना तिला रस्त्यापलीकडच्या दुकानातला फ्रीज त्रास द्यायचा. तिच्या कानाची ख्याती कामाच्या जागेपर्यंत पोहोचली, त्याला कारण ते अगदी पहिलं हॉटेल. हॉटेल उघडण्याआधी काम करणाऱ्यांनी तिथे एकदा मुक्काम करून सगळं तपासायचं, अशी पद्धत होती. लग्न नुकतंच झालेलं. फुकटात हॉटेल मिळतंय म्हणून तो तिला घेऊन गेला. सकाळी ती तारवटलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "खोली छान आहे हो, पण बाथरूमच्या वर कुणी म्हातारा कण्हतोय." छत उघडलं, तर आतल्या पंख्याचं पातं कडेला घासत होतं.

तेव्हापासून शिरस्ताच पडला. काम संपलं की मीटरवाल्याच्या आधी तिने यायचं, मधोमध खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचं आणि सांगायचं. "डावीकडे मागे कुणीतरी ओठ मिटून गातंय." "वरती पाणी घोटाळतंय." ती बोट दाखवेल तिथे तो छत उघडायचा, आणि तिथे काहीतरी सापडायचंच. कामावरची माणसं तिला मीटरबाई म्हणायला लागली. तिला ते नाव मनापासून आवडायचं. फक्त एक होतं. पहिल्या बैठकीत तिने त्याचं काम कधीच पास केलं नव्हतं. काही ना काही वाजायचंच. निवृत्त होण्याआधी एकदा तरी तिने डोळे उघडून म्हणावं की काही वाजत नाही, एवढी एकच इच्छा उरली होती. बाकी त्याचं सगळं बरं चाललं होतं.

आणि हे नाट्यगृह त्यासाठीच आल्यासारखं आलं होतं. जुनं, लाकडी, घुमटाच्या छतावर रंगवलेले ढग आणि पक्षी. आर्किटेक्ट बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "सर, त्या पक्ष्यांना हात लावायचा नाही." वर हात लावायचा नाही म्हटल्यावर त्याने खाली बघितलं. खुर्च्यांखालच्या लाकडी जमिनीखाली माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी होती. या वयात तो स्वतः सरपटत गेला आणि कमर धरून बाहेर आला, पण रस्ता सापडला होता. हवा खालून सोडायची, प्रत्येक खुर्चीखालच्या जाळीतून, इतकी हळू की फक्त घोट्यांना कळावी. हवा ढकलणारं यंत्र रंगमंचामागच्या तळघरात बसवायचं होतं. नाकापेक्षा मोती जड, ते जिन्यात मावेना. सुटे भाग करून खाली नेलं आणि तिथे जोडलं. परवा संध्याकाळी पहिला कार्यक्रम होता. मीटरवाल्याने उद्या नापास केलं, तर तो पुढे ढकलावा लागणार होता.

दाराशीच यंत्रांचं बघणारा फिटर भेटला. हा त्याच्याबरोबर हॉटेलांपासूनचा. "वहिनी आल्या. आता आमची खैर नाही," असं म्हणून तो यंत्र सुरू करायला तळघरात गेला.

ती मधल्या रांगेत बसली. चपला काढून पाय सैल सोडले आणि डोळे मिटले. तो शेजारी न बसता रांगेच्या टोकाला उभा राहिला, परीक्षेच्या वर्गाबाहेर पालक उभे राहतात तसा. थोड्या वेळाने घोट्यांशी गार झुळूक आली. तिच्या कपाळाला एक आठी पडली आणि गेली. मग तिने डोळे उघडले.

"छान आहे. काही वाजत नाही."

"नक्की?"

"नक्की म्हणते ना."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तिच्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसला आणि छतावरच्या पक्ष्यांकडे बघत राहिला. त्याला फार, फार बरं वाटलं. माणसाने कशासाठी एवढं सरपटायचं, तर यासाठी, असं त्याच्या मनात आलं.

तो तसाच बसून राहिला, म्हणूनच त्याला ते ऐकू आलं. खूप खालचा आवाज. कुणीतरी लांब कुठेतरी ओठ मिटून एकच सूर धरलाय तसा. त्याने जांभई देऊन कान मोकळे केले. सूर तसाच होता. त्याने तिच्याकडे बघितलं. ती पर्समधला रुमाल शोधत होती, शांतपणे.

आलोच, असं सांगून तो तळघरात उतरला. फिटर यंत्रासमोर डोकं खाजवत उभा होता.

"घुमतंय रे हे."

"तुम्हालापण येतंय ऐकायला?" फिटरने सुटकेचा श्वास सोडला. "वहिनी पास म्हणाल्या ते जाळ्यांतून इथवर ऐकू आलं. म्हटलं, मग माझेच कान वाजत असतील."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. दारावर कुणी थाप मारली तरी ती उठत नव्हती, त्याला वाटलं होतं गुडघे दुखत असतील. पोरींचा वर्ग बंद केला, परीक्षा आहेत म्हणाली. कुणाच्या परीक्षा इतक्या लांबतात? आणि अलीकडे तो बोलताना ती त्याच्या तोंडाकडे एकटक बघायची. उतारवयातलं प्रेम असेल, असं समजून तो सुखावलाही होता. भिंतीआडचा बिघाड शोधणारा माणूस, आणि घरात दिव्याखाली अंधार. त्याला स्वतःचा राग आला, आणि तिची फार माया आली.

"साहेब, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. टॉर्च दे."

चूक सापडली ती त्यांच्या धंद्यातली अगदी नेहमीची, आणि म्हणूनच कुणाला न दिसलेली. असलं यंत्र स्प्रिंगांवर उभं असतं, म्हणजे त्याची थरथर इमारतीत जात नाही. वाहतुकीत हिंदकळू नये म्हणून त्या स्प्रिंगा बोल्टांनी आवळून पाठवतात आणि यंत्र जागेवर बसलं की बोल्ट सैल करायचे असतात. हे यंत्र सुटं होऊन आलं, जोडलं गेलं, आणि बोल्ट सैल केले असतील असं जोडणाऱ्या प्रत्येकाला वाटलं. ते तसेच आवळलेले होते. यंत्राची सगळी थरथर दगडात, दगडातून लाकडात जात होती. फिटरने जीभ चावली. दोघांनी पाने घेतले आणि यंत्राला वळसा घालत बोल्ट सोडवले. शेवटचा सुटला तसं यंत्र किंचित वर उचललं गेलं आणि सूर थांबला.

वर येऊन तो तिच्या शेजारी बसला. काय बोलायचं ते ठरवून आला होता, तब्येतीचा विषय काढून हळूहळू मुद्द्यावर यायचं. पण तीच आधी बोलली.

"आता थांबलं ना?"

तो चमकला. "तुला ऐकू येत होतं?"

"ऐकू नाही. पायांना लागत होतं." तिने अनवाणी तळवे फळ्यांवर जरा घासले. "मला वाटलं लाकडी जमीन अशीच असेल. थांबलं तेव्हा कळलं, हेच ते." मग समोरच्या पडद्याकडे बघत तिने सगळं सांगून टाकलं. खालचे स्वर गेले होते. पोरी वर गेल्या की ऐकू यायचं, खाली आल्या की नुसते ओठ हलताना दिसायचे. बहिणीला घेऊन ती डॉक्टरकडे जाऊन आली होती. त्यांनी कानाला यंत्र लावायला सांगितलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"यंत्र लावलेली मीटरबाई कुणाला हवी? आणि तुमचं हे शेवटचं काम. वाटलं, एकदा पास करून टाकावं, मग निवांत सांगू. खोटं बोलायला नको होतं."

"नको होतं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "म्हणजे माझ्या तोंडाकडे बघायचीस ते यासाठी. प्रेम वगैरे नव्हतं."

ती त्याच्याकडे वळली आणि त्याचं वाक्य पूर्ण पोहोचल्यावर हसली. "तेही होतं हो. एका कामात दोन कामं."

मग ती रडली, आणि तो तिचा हात धरून बसला. रुमाल तिने मघाशीच शोधून ठेवला होता. फिटर दारातून डोकावला आणि आल्या पावली परत गेला.

मीटरवाल्याने दुसऱ्या दिवशी आकडे बघून मान डोलावली. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. मुलगीही आली होती, आईच्या पलीकडे बसली होती. आधी भाषणं झाली. आर्किटेक्ट बाईंचे आभार, पक्षी पुन्हा रंगवणाऱ्यांचे, सुतारांचे, पडदा शिवणाऱ्यांचेसुद्धा. मुलगी वाकून कुजबुजली, "बाबा, तुम्हाला विसरले." तो म्हणाला, "म्हणजे सगळ्यांना गार वाटतंय." त्याला खरंच काही वाटलं नाही. आपल्या ओळीतल्या बायांनी पदर, ओढण्या सारख्या केल्या नाहीत, कुणी हाताने वारा घेतला नाही, हे तो बघत होता.

दिवे मंदावले. एक मुलगी चेलो घेऊन आली, एकटीच. तिने खुर्ची सरकवली, त्या मोठ्या वाद्याच्या तळाची लोखंडी दांडी रंगमंचाच्या फळीत रोवली आणि गज उचलला.

पहिला सूर अगदी खालचा होता. त्याने घाबरून बायकोकडे बघितलं. तिने वाकून चपला बाजूला सारल्या होत्या. तळवे फळ्यांवर टेकलेले, डोळे मिटलेले, आणि वर्गात चांगली पोर गायला लागली की तिची मान जशी हलायची तशी आता हलत होती. बराच वेळ ती तशी बसून राहिली. मग डोळे न उघडता त्याच्याकडे कलली.

"स्वच्छ आहे हो," ती म्हणाली. "नुसतं गाणंच आहे."

त्याने मान हलवली, पण ती बघत नव्हती, म्हणून त्याने तिचा हात दाबला. मग तो हळूच खाली वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"बाबा, काय करताय?" मुलीने आईच्या पाठीमागून विचारलं.

"तपासणी," तो म्हणाला, आणि मोजे काढून त्याने पाय खाली टेकवले.