फकरुद्दीनची हिरवी बांगडी

मेहमुदाचा कुणावरच भरवसा नव्हता. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणारीनं भोळं राहून भागतंय होय! "कालच भरल्या आन् आज टिचल्या" म्हणत फुकटात नव्या मागणाऱ्या बायका तिनं ढिगानं बघितल्या होत्या. म्हणून सुदुंबऱ्याच्या वेशीवर गावातल्या नंदाबाईनं तिला अडवलं, तेव्हाही तिला वाटलं, ही काहीतरी उकळायला आलीय.

"भाभी, आज गावात नगं जाऊस," नंदाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "रतनबाईच्या सुनंच्या बांगड्या आपसूक वाढवल्या."

"आपसूक? धुणं आपटताना गेल्या असतील."

"न्हाई गं बाई! कस्तुरा मांडीवर हात ठिवून बसलीती. टिक् झालं आन् बांगडी गळली. दुसऱ्या दिशी दुसरी. आता हातात एक बी न्हाई. आन् सोपान तिकडं बसऱ्याला."

एकोणीसशे सोळा सालची गोष्ट. इंग्रजाच्या लढाईवर मावळातली पोरं पलटणीत भरती होऊन समुद्रापार बसऱ्याकडं गेली होती. रतनबाईचा एकुलता एक लेक, कस्तुराचा नवरा सोपान त्यातलाच. होळीपासून त्याची खबरबात नव्हती. बांगडी फुटली असं म्हणायचंसुद्धा नाही, वाढवली म्हणायचं, इतका त्या काचेचा धाक. आणि नवरा लढाईवर असलेल्या बाईच्या बांगड्या कुणी हात न लावता गळतात, म्हणजे त्याचा अर्थ गावाला वेगळा सांगायला नको!

"म्हातारीनं टाहो फोडला," नंदाबाई सांगत होती. "सुनंचं कुंकू पुसलं. उद्याच्या अवसेला मंगळसूत्र उतरवून तिला म्हायेरी धाडणार हाये. आन् दोष तुला देती. म्हणती, ही रांडावलेल्या बायांच्या फुटक्या काचा गोळा करती, वितळवती, न् सवाष्णींच्या हातात भरती."

मेहमुदानं तिथूनच पाय मागं घेतला. कारण काचा ती गोळा करत होती, हे खरंच होतं. कुणाच्या हातातल्या, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

त्या काचा जायच्या वडगावला, तिच्या नवऱ्याच्या भट्टीत. फकरुद्दीन तळेगावला काचेचं काम शिकलेला. लढाई लागली आणि ऑस्ट्रियाची बांगडी यायची थांबली. लोणावळ्याच्या बाजारातसुद्धा हिरवा चुडा मिळेना. "असली बांगडी देशी माणसाला जमायची न्हाई," असं जो तो म्हणायचा, आणि ते ऐकून फकरुद्दीनचं टाळकं सणकायचं. त्यानं घरामागं भट्टी घातली. मोडक्या शिवणयंत्राचं पायडल आणून त्यावर लोखंडी दांडा बसवला, आणि पायानं दांडा फिरवत काचेचा लालभडक गोळा ओढून बिनजोडाची, पातळ बांगडी काढली. हिरवा रंग तांब्याच्या किसाचा. लोणावळ्याच्या अल्लाबक्षशेठनं आधी विश्वास ठेवला नाही. परदेशी माल आणून आपला म्हणून खपवतोय, अशी त्यांची खात्री. भट्टीसमोर बाकडं टाकून दिवसभर बसले, डोळ्यांदेखत बांगडी निघाली, तेव्हा कुठं पटलं. आता तोच माल ते पुण्याच्या स्वदेशी प्रदर्शनात मांडणार होते. फकरुद्दीन तेव्हापासून दोन बोटं वरच चालत होता.

घरी येऊन मेहमुदानं टोपली उतरवली आणि सरळ विचारलं, "अवो, तुमच्या बांगड्या आपसूक फुटत्यात का?"

"बायका आपटत्यात," तो म्हणाला. लगेच म्हणाला, आणि मान वर न करता म्हणाला. मेहमुदाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तो बाजाराला गेला तशी ती भट्टीपाशी जाऊन बसली. खुंटीला नव्या बांगड्यांची लड टांगली होती. वारा नाही, उंदीर नाही, मांजर नाही. ती टक लावून बघत बसली. बसून बसून पाठ अवघडली, आणि टिक्! लडीतली एक बांगडी दोन तुकडे होऊन खाली पडली.

मेहमुदा उठली, आणि राखेच्या ढिगात तिनं काठी घातली. वर राख, आत हिरव्या काचाच काचा. कुणीतरी पुरून ठेवलेल्या. कुणीतरी कशाला, ते कोण हे तिला कळलंच.

फकरुद्दीन आला तेव्हा ती काठी हातात घेऊनच बसली होती. "तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली.

तो आधी चिडला, मग खालीच बसला. "काच हळूहळू थंड कराय पायजे. ऊन भट्टीत ठिवून, रातभर. मी घाई केली. वरनं थंड व्हती, आत ताठलेली ऱ्हाती, आन् मग कवातरी आपसूक तडकती. पर सगळ्याच न्हाई फुटत."

"मग सांगितलं का न्हाई?"

"कुणाला सांगू? शेठला? म्हंजे म्हणायचे, बघा, देशी माल म्हंजे असलाच! मला थोडा येळ दे. मी सुधारतो. तवर गप ऱ्हा."

"गप ऱ्हाऊ? उद्या त्या पोरीचं मंगळसूत्र उतरतंय! तुमच्या घाईपायी जित्या नवऱ्याची रांड व्हईल ती!"

मेहमुदाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: हे रतनबाईला सांगून उपयोग नाही. बांगडीवाली आपला माल वाचवायला वाट्टेल ते बोलते, हे तिला स्वतःलाच पटलं असतं, तर म्हातारीला का पटणार नाही? दाखवायलाच हवं. तिनं खुंटीवरची लड काढली, स्वतःच्या जुन्या बांगड्या उतरवल्या आणि नव्या भरायला घेतल्या.

"आगं खुळी का काय तू!" फकरुद्दीन ओरडला. "नंदाबाईच्या हातात भर. दुसऱ्या कुणाच्या बी भर!" काच का फुटते हे सगळं जाणणारा माणूस, पण बायकोच्या हातात ती बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मेहमुदानं शेवटची बांगडी चढवली. "उद्या सकाळी सुदुंबऱ्याला यायचं," ती म्हणाली. "माज्या समोर बसायचं. जित्तं."

दुसऱ्या दिवशी दोघं उरलेली लड घेऊन रतनबाईच्या अंगणात जाऊन बसली. मेहमुदानं हात गुडघ्यांवर पालथे ठेवले, म्हणजे आपटल्या असं कुणी म्हणायला नको. फकरुद्दीन समोर. "मावशी," ती रतनबाईला म्हणाली, "त्याच भट्टीच्या बांगड्या हायेत. माजा दादला तुमच्या म्होरं बसलाय. ह्या फुटंपर्यंत आमी हालत न्हाई."

रतनबाईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. उंबऱ्याआड कस्तुरा, कपाळ मोकळं, डोळे सुजलेले. अंगण बायकांनी भरलं. त्या बांगड्यांकडं कमी आणि फकरुद्दीनकडं जास्त बघत होत्या. त्याला एकदा ठसका लागला, तर सगळ्या पुढं सरसावल्या.

ऊन डोक्यावर आलं, कललं. एक बांगडी फुटेल तर शपथ!

रतनबाई उठली. "बघितलं? हिच्या हातात टिकत्यात. का? तर दादला समोर बसलाय! माज्या सुनंच्या हातात न्हाई टिकल्या, कारण माजा..."

बायकांनी माना डोलावल्या. मेहमुदाला वाटलं, हिचंच खरं असलं तर? दुसऱ्यावर संशय घेऊन मुरलेली बाई ती, आता तिला आपल्याच डोळ्यांवर घ्यावा लागत होता.

तेवढ्यात फकरुद्दीन उभा राहिला.

"मावशी, माजा माल खोटा हाये," तो मोठ्यानं म्हणाला. "मी घाईनं थंड केला. माज्या भट्टीमागं राखेत ढीग पुरलाय फुटक्यांचा. मला ठावं व्हतं. सोपानचा ह्यात काय बी संबंध न्हाई."

"बायकू वाचवाया बोलतूस," रतनबाई म्हणाली.

सूर्य भिंतीआड गेला. अंगणात सावली आली, वाऱ्याची गार झुळूक फिरली. मेहमुदाच्या तापलेल्या हातांवर काटा आला.

टिक्.

बांगडी गुडघ्यावरून घरंगळली आणि मातीत पडली. बायकांनी एकदम फकरुद्दीनकडं बघितलं. मेहमुदानंही, खोटं कशाला बोला. तो उभाच होता, घामानं निथळत. रतनबाई त्याच्याजवळ गेली आणि तिनं सरळ त्याच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. तोवर आणखी एक गळली.

"हाये की ह्यो," ती पुटपुटली.

उंबऱ्याआड कस्तुराला हुंदका फुटला. नंदाबाई तर हसायलाच लागली. आता ही गोष्ट लोणावळ्याच्या शेठपर्यंत जाणार, हे फकरुद्दीनला त्या हसण्यातच कळलं, आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

रतनबाईही उंबऱ्यापाशी जाऊन मटकन बसली. "म्हंजे बांगडीला काय बी ठावं नसतं?"

"न्हाई, मावशी."

"मग तो मेला, असं ती सांगत न्हाई."

"न्हाई."

"आन् जित्ता हाये, असं बी न्हाई."

बांगडी खोटी ठरवायच्या नादात हे मेहमुदाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी रडून मोकळी झालते गं," म्हातारी म्हणाली. "आता परत वाट बघायची व्हय?"

मग रतनबाईनं मागं हात करून सुनेचं मनगट धरलं, तिला उंबऱ्याबाहेर ओढलं आणि ते मनगट मेहमुदापुढं केलं.

"भर."

"मावशी, ह्या लडीतल्या बी फुटतील. पुढल्या खेपंला चांगल्या आणते."

"फुटू देत," रतनबाई म्हणाली. "फुटल्या की ये, परत भर. माजा लेक येईस्तवर भरत ऱ्हा."